वणव्याच्या वाटेवरचे अंगण

वणव्यापासून घर वाचवायचे म्हटले की नजर प्रथम जंगलाकडे जाते. परंतु गेल्या काही दशकांत या विषयाचा जो शास्त्रीय अभ्यास झाला, त्याने लक्ष जंगलावरून काढून घराच्या भिंतीपासून शंभर फुटांच्या आत काय पडले आहे, याकडे वळवले आहे. जळू शकणारे पदार्थ काढून टाकलेल्या किंवा कमी केलेल्या घराभोवतीच्या या जागेला अग्निशास्त्रात संरक्षणक्षम परिसर म्हणतात. आग घरापर्यंत पोहोचलीच तर तिला तेथे खाण्यासारखे फारसे काही मिळू नये आणि विझवणाऱ्या माणसांना उभे राहून काम करता यावे, असे दोन हेतू त्यामागे असतात. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात डोंगराळ भागातील घरमालकांना असा शंभर फुटांचा पट्टा राखणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि २०२० मध्ये तेथे झालेल्या कायद्याने भिंतीला लागून असलेल्या पहिल्या पाच फुटांसाठी अधिक कडक नियमांची तरतूद केली. तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या सीमेलगत असलेल्या तलमडुगु मंडलात आणि तशाच सागवनी डोंगररानांच्या कडेला वसलेल्या गावांत असा कोणताही नियम नाही. तरीही घराभोवती काय ठेवावे व काय ठेवू नये हा प्रश्न तेथे दर उन्हाळ्यात उभा राहतो आणि त्याचे उत्तर कॅलिफोर्नियाच्या उत्तरापेक्षा बरेच निराळे द्यावे लागते.

घर वणव्यात तीन मार्गांनी पेटते. पहिला मार्ग ज्वालेचा प्रत्यक्ष स्पर्श हा होय. दुसरा मार्ग प्रारित उष्णतेचा, म्हणजे ज्वाला दूर असतानाही तिच्यापासून निघून समोरच्या पृष्ठभागावर आदळणाऱ्या उष्णतेचा आहे. तिसरा मार्ग वाऱ्याबरोबर उडून येणाऱ्या ठिणग्यांचा आणि निखाऱ्यांचा. अमेरिकेच्या वनसेवेतील संशोधक जॅक कोहेन यांनी कॅनडाच्या वायव्य भागात १९९० च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या प्रयोगांत पेटत्या सूचिपर्णी जंगलासमोर लाकडी भिंती उभ्या करून पाहिल्या. दहा मीटरवरच्या काही भिंती पेटल्या, पण वीस मीटर आणि त्यापलीकडच्या पेटल्या नाहीत. झाडांच्या शेंड्यांपर्यंत चढलेल्या उग्र आगीचीही आच इतक्या थोड्या अंतरात मवाळ होत असेल, तर जंगलापासून दूर असलेली घरे का जळतात, याचे स्पष्टीकरण मुख्यतः तिसऱ्या मार्गात शोधावे लागते. ठिणगी पडते ती छपराच्या वळचणीत अडकलेल्या पालापाचोळ्यावर, भिंतीला टेकवलेल्या सरपणावर किंवा दाराशी रचलेल्या गवतावर, आणि घर पेटते ते या छोट्या आगीने. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी कॅलिफोर्नियातील पॅराडाइज हे गाव जळाले. त्या आगीत ८५ माणसे मृत्युमुखी पडली व १८ हजारांहून अधिक इमारती नष्ट झाल्या, आणि तरीही राखरांगोळी झालेल्या घरांशेजारी अनेक ठिकाणी झाडे हिरवी उभी होती. घर हे झाडापेक्षा अधिक सहज पेटणारे इंधन ठरू शकते, ही गोष्ट त्या दृश्यावरून पटते.

हे ज्ञान आदिलाबादला लावताना प्रथम तेथल्या जंगलाचा स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. सातमाळा रांगेच्या या पूर्वेकडील टेकड्यांवर कोरडे पानझडी जंगल आहे. त्यात सागाचे प्राधान्य असून त्याच्या जोडीला ऐन, धावडा, मोह, तेंदू, पळस आणि बांबू आढळतो. साग हिवाळ्याच्या उत्तरार्धात पाने टाकू लागतो आणि त्याची पाने मोठी, सुकल्यावर आखडून उभी राहणारी असल्यामुळे पाचोळ्याच्या थरात हवा खेळती राहते व तो कोरड्या दिवसांत चटकन पेटतो. मात्र पेटलेली आग बहुधा जमिनीलगतच धावते. हिला पृष्ठभागीय आग म्हणतात. पाने गळालेल्या झाडांच्या शेंड्यांत जळण्यासारखे थोडेच उरलेले असते आणि सागाच्या मोठ्या झाडाची जाड साल ही हलकी आग सोसते. याचा अर्थ असा की कॅलिफोर्नियात ज्या शंभर फुटांची गरज भासते, त्याच्या एका अंशात येथील आग अडवता येते. पाचोळा व गवत पूर्ण काढलेला काही मीटरांचा पट्टाही वारा मध्यम असताना तिला थांबवू शकतो. घाणेरीची झुडपे किंवा वाळलेला बांबू जेथे दाटला आहे, तेथे मात्र ज्वाला जमिनीवरून वर चढते, आणि अशा वनस्पतीला अग्निशास्त्रात शिडी-इंधन हे नाव आहे. उताराचा भागही विसरता येत नाही: आग चढावर वेगाने धावते, कारण ज्वाला वरच्या इंधनाकडे झुकून ते आधीच तापवते, आणि उतार दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ नियम ऑस्ट्रेलियात वापरला जातो. टेकडीच्या माथ्याजवळच्या घरासाठी उताराच्या बाजूचा पट्टा म्हणूनच सपाटीवरच्या घरापेक्षा रुंद ठेवावा लागतो.

जंगलातली आग बहुधा जमिनीलगत राहते, तर मग गावातली घरे धोक्यात येतात कशी, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आणि घरामागच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, सापडते. आदिलाबाद हा कापसाचा मुलूख. उलंगवाडी झाली, म्हणजे शेवटची वेचणी आटोपून कापसाचे पीक संपले, की पऱ्हाट्या उपटून त्यांचे भारे बांधले जातात आणि चुलीला सरपण म्हणून घराशी आणून रचले जातात. तुरीच्या तुराट्या कुडासाठी व छपरासाठी राखून ठेवतात, आणि ज्वारीचा कडबा व सोयाबीन-हरभऱ्याचे कुटार जनावरांच्या पोटासाठी गोठ्यालगत साठवतात. या सर्व वस्तू फेब्रुवारीपर्यंत खडखडीत वाळतात आणि मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांना टेकतो तेव्हा त्या भिंतीला लावून ठेवलेल्या वातीसारख्या असतात. एकेका घराचा साठा शेजारच्या घराच्या साठ्याला भिडलेला असतो, कुंपण वाळलेल्या काट्यांचे असते, आणि अशा रीतीने रानातल्या पाचोळ्यापासून माजघरापर्यंत इंधनाची अखंड साखळी तयार होते. जंगलातील आग ओढ्याशी किंवा पायवाटेशी अडू शकते, पण गावातल्या या साखळीत तिला अडवणारे काही नसते.

शिवाय आगीचा प्रवास एकाच दिशेने होत नाही, आणि येथील परिस्थितीचे खरे वैशिष्ट्य हेच आहे. कॅलिफोर्नियाच्या चर्चेत जंगल हे आगीचे उगमस्थान आणि घर हे तिचे भक्ष्य असते. आदिलाबाद, किनवट किंवा यवतमाळच्या पट्ट्यात आग पुष्कळदा शेतातून निघून जंगलात जाते व तेथून दुसऱ्याच गावाच्या शिवारात उतरते. मशागतीपूर्वी धुऱ्यावरचे गवत जाळण्याची रीत आहे, आणि उन्हाळ्यातील दुपारचा वारा उठल्यावर ही आग धुऱ्यावर राहत नाही. मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये रात्रीपासून पहाटेपर्यंत गळतात, आणि ती वेचताना दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो. तेंदूला कोवळी, एकसारखी पालवी फुटावी म्हणूनही काही ठिकाणी आग लावली जाते, कारण विडीसाठी पाने खुडण्याचा हंगाम उन्हाळ्यात येतो आणि पुड्यांवर मिळणारी मजुरी हा अनेक कुटुंबांचा वर्षातला महत्त्वाचा रोख पैसा असतो. महाराष्ट्रात ७० पानांचा एक पुडा व अशा १,००० पुड्यांची एक प्रमाण गोणी धरतात. गोंड, कोलाम व अन्य वनवासी समाजांना वणव्याबद्दल सरसकट दोष देणारी भाषा सरकारी अहवालांत पूर्वापार दिसते, पण ती न्याय्य नाही. आग लावण्यामागे बहुधा उपजीविकेची निकड असते, आणि त्या निकडीला पर्याय दिल्याखेरीज केवळ बंदीचा उपयोग झालेला नाही. मोहाखाली जाळी अंथरणे किंवा खोडाभोवतीचा पाचोळा झाडून बाजूला ढीग करणे हे साधे पर्याय आहेत. फुले जाळीवर स्वच्छ मिळतात व त्यांना मातीचा दोष लागत नाही, म्हणून वेचणाऱ्यालाही ते परवडू शकते.

घराभोवतीची जागा मोकळी करण्याचे काम या पार्श्वभूमीवर कसे करावे, याचा विचार आतून बाहेर जात करणे सोयीचे ठरते. भिंतीपासून पहिल्या दीड मीटरमध्ये, म्हणजे पाच फुटांत, जळणारे काहीही असू नये, असा आजचा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. आणि शेणामातीने सारवलेले, रोज झाडले जाणारे अंगण हे नेमके तेच काम शतकानुशतके करत आले आहे. अडचण घराच्या पुढच्या बाजूला नसून मागच्या बाजूला असते, जेथे सारवण नसते आणि पऱ्हाट्यांचा ढीग भिंतीला टेकलेला असतो. चार दिवसांपुरते सरपण जवळ ठेवून बाकीचे दूर हलवणे, छपराच्या वळचणीतला व कवेलूंच्या सांध्यांतला पाला काढणे, चुलीची राख उकिरड्यावर टाकण्यापूर्वी पाणी शिंपडून विझवणे, कारण राखेच्या पोटात निखारा रात्रभर जिवंत राहू शकतो, ही या पट्ट्यातील मुख्य कामे होत. कुडाच्या भिंतीला दोन्ही बाजूंनी जाडसर मातीचा लेप असला तर ती ठिणग्यांना सहसा दाद देत नाही. लेप निखळून तुराट्या उघड्या पडलेली भिंत मात्र गवताच्या पेंढीइतकीच धोक्याची असते.

त्यापुढचा सुमारे नऊ मीटरांचा, म्हणजे तीस फुटांचा टापू गंजीचा आणि गोठ्याचा असतो. कडब्याची गंजी आणि घर यांच्यात, तसेच गंजी आणि गोठा यांच्यात अंतर हवे. गंजी विजेच्या तारांखाली रचू नये, कारण वाऱ्याने तारा एकमेकींना घासल्या की ठिणग्या पडतात. उन्हाळ्यात दुपारचे वारे बहुधा पश्चिम-वायव्येकडून येत असल्यामुळे गंजी घराच्या त्या अंगाला नसलेली बरी. सर्व वैरण एकाच गंजीत न ठेवता दोन-तीन लहान गंज्या वेगवेगळ्या ठिकाणी ठेवल्या, तर आग लागली तरी जनावरांची वर्षाची बेगमी एका दिवसात जात नाही. गोठ्यात जनावरे बांधताना दावे झटकन सुटेल अशी गाठ असावी, ही बाब अग्निसुरक्षेच्या पुस्तकांत क्वचितच आढळते, पण प्रत्यक्ष आगीत बैलजोडी वाचणे व न वाचणे तिच्यावर ठरते.

यापलीकडे शंभर फुटांपर्यंत झाडे तोडण्याची गरज नसते. उंच खोडाचा कडुनिंब, चिंच किंवा आंबा सावली देतो, वारा रोखतो आणि जमिनीवरच्या आगीला त्याचा शेंडा सहसा सापडत नाही. त्याच्या खालच्या वाळलेल्या फांद्या छाटणे आणि बुडाशी साचलेला पाला काढणे एवढे पुरते. गवत मुळासकट खणून काढू नये, कापावे. उघड्या केलेल्या उतारावरची माती पहिल्याच पावसात ओढ्यात जाते आणि आगीतून वाचवलेल्या जमिनीचे नुकसान पाण्याने होते. काडीकचरा जाळायचाच असेल तर तो हिवाळ्यात, सकाळच्या दवात, पाणी व माणसे हाताशी ठेवून जाळावा. केसलापूरची नागोबाची जत्रा पौष अमावास्येला भरते. ती आटोपली की उन्हाचा जोर वाढत जातो, म्हणून साफसफाईची कामे जत्रेच्या आगेमागे उरकावीत, असा हिशेब या भागाला मानवेल. महाराष्ट्राचा वनविभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरतो, आणि त्याची जाळरेषा काढण्याची कामे, म्हणजे जंगलात ठरावीक रुंदीचे पट्टे साफ करून व नियंत्रितपणे जाळून आगीचा मार्ग तोडण्याची कामे, हंगाम भरात येण्यापूर्वीच व्हावी लागतात.

पऱ्हाट्यांचा प्रश्न थोडा अधिक थांबून पाहण्याजोगा आहे, कारण तेथे आगीचा आणि शेतीचा लाभ एकच आहे. कापसावरची गुलाबी बोंडअळी उरलेल्या बोंडांत व पऱ्हाट्यांत सुप्तावस्थेत राहते आणि पुढच्या हंगामात पुन्हा पिकावर येते. म्हणून फरदड, म्हणजे पाणी देऊन लांबवलेले पीक, घेऊ नये व पऱ्हाट्या वेळेवर काढून त्यांची विल्हेवाट लावावी, असा सल्ला कृषी शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे देत आले आहेत. घरामागे पावसाळ्यापर्यंत रचून ठेवलेला पऱ्हाट्यांचा ढीग हा एकाच वेळी अळीचा आसरा आणि वणव्याचे इंधन असतो. यंत्राने त्यांचा भुगा करून शेतात मिसळणे किंवा कंपोस्ट करणे हा एक मार्ग झाला. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाट्यांपासून फळ्या व इंधनाच्या विटा तयार करण्याचे तंत्र विकसित केले आहे, हा दुसरा. परंतु भुगा करण्याचे यंत्र प्रत्येक शेतकऱ्याकडे नसते, आणि चुलीला दुसरे सरपण नसलेल्या घराला पऱ्हाट्या फेकून दे म्हणणे म्हणजे त्याच्या स्वयंपाकावर घाला घालणे होय. घरमालकाला मदत करणे याचा अर्थ येथे उपदेश देणे असा होत नाही. गावाच्या वापरासाठी एक फिरते यंत्र, गावाबाहेर सरपण साठवण्याची सामाईक मोकळी जागा आणि म्हाताऱ्या-एकट्या माणसांच्या परसातले भारे हलवायला दोन तरुण हात, असे या मदतीचे स्वरूप असायला हवे. अमेरिकेतही ज्या वस्त्यांत हे काम टिकले, तेथे ते शेजाऱ्यांनी मिळून केलेल्या कामांमुळे टिकले. फांद्यांचा भुगा करणारे यंत्र दारोदार नेणाऱ्या स्थानिक योजना तेथे लोकप्रिय आहेत.

सामूहिकतेचा मुद्दा तलमडुगुसारख्या गावठाणात तर टाळताच येत नाही. घरे भिंतीला भिंत लावून असताना प्रत्येकाने स्वतःपुरते शंभर फूट राखणे अशक्य आहे, आणि एका घराची मागची गंजी ही शेजाऱ्याच्या पुढच्या अंगणातली जोखीम असते. म्हणून संपूर्ण गाव हे एक घर मानून त्याच्या कडेने, शेवटच्या घरांच्या बाहेर, साफ केलेला एक सलग पट्टा राखणे आणि आत प्रत्येकाने पहिल्या पाच फुटांची जबाबदारी घेणे, ही विभागणी व्यवहार्य दिसते. शेतात एकटी असलेली वस्ती व डोंगरावरचा कोलामांचा पोड, म्हणजे पाडा, यांना मात्र स्वतंत्र कडे लागते. राखीव वनाच्या हद्दीत कोणी परस्पर झाडे तोडू वा आग लावू शकत नाही. महाराष्ट्रात लागू असलेल्या १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचे कलम २६ राखीव वनात आग लावण्याला गुन्हा ठरवते, आणि तेलंगणात १९६७ चा स्वतंत्र वन अधिनियम आहे. हद्दीलगतचा पट्टा वनकर्मचारी आणि ग्रामसभा यांनी मिळूनच साफ करावा लागतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना आपल्या सामूहिक वनाचे रक्षण करण्याचा अधिकार दिला. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावच्या ग्रामसभेने हक्क मिळाल्यावर तेंदूपत्त्याचे उत्पन्न सोडून देण्याचा निर्णय घेतला, कारण पाने खुडण्यासाठी होणारी छाटणी आणि जाळपोळ जंगलाला बाधक होते, असे तिचे मत झाले. प्रत्येक गावाला हे परवडणार नाही, पण आगीचा निर्णय कोणी करायचा याचे ते एक ठोस उदाहरण आहे.

येथे इतिहासाचीही थोडी आठवण ठेवलेली बरी. १८६० च्या दशकात मध्य प्रांतातील बोरीच्या जंगलात कर्नल पिअर्सन यांनी आगीपासून संपूर्ण संरक्षण करण्याचा प्रयोग केला आणि त्यानंतर ब्रिटिश वनखात्याने आगबंदी हे धोरणच केले. पुढे ब्रह्मदेशातील सागाच्या जंगलांत असे दिसले की आग पूर्ण बंद केली की खालची झाडी माजून सागाची नवी रोपे उगवेनाशी होतात, आणि हंगामाच्या आरंभी हलकी आग लावण्याची पद्धत वनशास्त्राने पुन्हा स्वीकारली. अमेरिकेतही सगळ्या आगी लगेच विझवण्याच्या धोरणाने जंगलात इंधन साचत गेले, अशी टीका आज तेथील तज्ज्ञच करतात. जंगल कधीच जळू नये हे ध्येय म्हणून चुकीचे आहे; गावकऱ्याला हवे आहे ते एवढेच की आग आली तरी ती घरात येऊ नये आणि त्याच्या धुऱ्यावरून निघून दुसऱ्याच्या घरातही जाऊ नये.

आग लक्षात येण्याच्या साधनांत आता उपग्रहाचीही भर पडली आहे. भारतीय वन सर्वेक्षण २००४ पासून उपग्रहांच्या साहाय्याने वणव्यांच्या सूचना राज्यांच्या वनखात्यांना देते, आणि २०१७ पासून वापरात आलेल्या संवेदकाची नजर सुमारे ३७५ मीटरपर्यंत बारीक आहे. परंतु हा संवेदक वाहणारा उपग्रह एका ठिकाणावरून साधारणपणे दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमारास जातो. दुपारी तीन वाजता धुऱ्यावरून सुटलेली आग त्याच्या नोंदीत येईपर्यंत गावठाणात शिरलेली असू शकते, आणि लहान, पाचोळ्याखाली धुमसणारी आग कित्येकदा त्याला दिसतही नाही. सीमेवरच्या गावांपुढे आणखी एक अडचण आहे. तलमडुगुच्या बाजूचा धूर किनवटच्या वनरक्षकाला दिसतो आणि किनवटकडचा आदिलाबादच्या वनरक्षकाला, पण दोघांचे मुख्यालय, नियंत्रण कक्ष आणि दूरध्वनी क्रमांक दोन वेगळ्या राज्यांत असतात. महाराष्ट्राची १९२६ ही वनविभागाची मदतवाहिनी तेलंगणातील वनकर्मचाऱ्यांसाठी नाही. फेब्रुवारीत साफसफाईसोबतच दोन्ही बाजूंच्या शेजारी ग्रामसभांनी वनरक्षकांचे, सरपंचांचे आणि ट्रॅक्टर-टँकरवाल्यांचे क्रमांक एकमेकींना देऊन ते ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मराठी, तेलुगू व गोंडीत लिहून ठेवायला फारसा खर्च येत नाही.